महापौर बसमागे धावले, त्याचं इतिवृत्त

पालिकेत मी तेहेतीस वर्षं नोकरी केली आणि त्या तेहेतीस वर्षांत स्वतःचं म्हणून एक वाक्य लिहिलं नाही. माझं काम दुसऱ्यांचं बोलणं लिहायचं. सामान्य सभेत कोण काय बोललं, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, शेवटी काय ठरलं, हे टिपून घ्यायचं आणि त्याचं इतिवृत्त तयार करायचं. त्यामुळे संपादकांनी ‘तुमचे अनुभव लिहा’ म्हटल्यावर पहिली शंका आली ती हीच, की याला अनुमोदन कुणाचं घ्यायचं? आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना विचारलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘मंजूर.’ म्हणून लिहिते आहे. तक्रार असेल तर त्यांच्याकडे करावी.

बडोद्यातलं आमचं घर समा भागात. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती आणि नातवंडांशी जे तोंडाला येईल ते. सभा अर्थातच गुजरातीत चालायची. आम्ही दोघी जणी व्यासपीठाच्या खाली छोट्या टेबलाशी बसायचो आणि दहा-दहा मिनिटांच्या पाळीनं लघुलिपीत लिहायचो. पुढे ध्वनिमुद्रण आलं. पण सत्तर माणसं एकदम बोलायला लागली की यंत्रात नुसता भाजीबाजार ऐकू येतो, त्यातून कोण काय म्हणालं हे शोधायला शेवटी आमच्याच वह्या उघडाव्या लागत.

या कामात काय लिहायचं यापेक्षा काय लिहायचं नाही हे आधी शिकवतात. खोकला, शिंक, जांभई, शिवी, हे लिहायचं नाही. एकदा एका सभासदांनी खरोखरच चप्पल भिरकावली आणि ती नेमकी माझ्या टेबलावर येऊन पडली. मी लिहिलं, ‘मा. सभासदांनी तीव्र नापसंती व्यक्त केली.’ सभा संपल्यावर चप्पल न्यायला ते स्वतः आले, तेव्हा मी त्यांना वाक्य दाखवलं. ते इतके खूश झाले की एक पाय अनवाणी असताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला. दुसरे एक सद्गृहस्थ पाच वर्षांत एकदाही बोलले नाहीत. सभा सुटताना फक्त माझ्याजवळ येऊन सांगत, ‘बेन, मारुं नाम लखजो.’ मी त्यांचं नाव उपस्थितांत लिहायची. एवढ्यावर त्यांची पाच वर्षं सुखात गेली.

आता या धंद्यातली खरी गंमत सांगते. मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत मंजूर व्हावं लागतं. नियम असा, की ते वाचून दाखवायचं. प्रथा अशी, की सचिव उभे राहून ‘वंचाणे लीधुं’ म्हणतात, म्हणजे वाचलं असं समजावं, आणि बाकावरून आवाज येतो, ‘मंजूर, मंजूर.’ अर्ध्या मिनिटात काम उरकतं. इतकी वर्षं माझं लिहिलेलं एकही पान त्या सभागृहात कुणी वाचलं नाही. पण न वाचता मंजूर झालेला कागदसुद्धा मंजूरच असतो. त्याला ठराव क्रमांक मिळतो, शिक्का बसतो, आणि मग खुद्द महापौरांनाही तो हातानं खोडता येत नाही.

हे सगळं ठाऊक असलेली सभागृहात एकच व्यक्ती होती. हंसाबेन. मांजलपूरच्या नगरसेविका, विरोधी बाकावरच्या, आणि त्याआधी शाळेत खेळाच्या शिक्षिका. त्यांचा आवाज टिपायला मला कधी कान टवकारावे लागले नाहीत. त्यांचा एकच विषय असायचा, मांजलपूरचा एक बसस्टॉप. त्या स्टॉपच्या छपराखाली बारा महिने शटल, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या, रिक्षा उभ्या असत. स्टॉप रिक्षांनी भरलेला म्हणून बस तिथे थांबत नसे, आणि बस थांबत नाही म्हणून लोक रिक्षात बसत. हंसाबेन दर सभेत विचारत, याला जबाबदार कोण? बसचे अध्यक्ष, म्हणजे परिवहन समितीचे अध्यक्ष, सांगत की बस आमची, पण रिक्षा हटवणं पोलिसांचं काम. वाहतूक पोलिसांचे मोठे साहेब सभेला पाहुणे म्हणून येत. ते सांगत की रिक्षा आम्ही हटवू, पण बस येतच नाही तर लोकांनी जायचं कशानं? आणि महापौर दोघांकडे आळीपाळीनं बघून म्हणत, ‘थई जशे.’ होऊन जाईल. माझ्या वह्यांत ‘थई जशे’ किती वेळा आलंय ते मोजायला घेतलं तर हा दिवाळी अंक होळीला निघेल.

श्रावणातल्या एका सभेत दुपारचा दीड वाजला होता. मागच्या खोलीत सेवउसळीची पातेली येऊन दाखल झाली होती आणि तर्रीचा वास सभागृहभर पसरला होता. त्या वासात बडोद्याचा माणूस काय वाटेल ते मंजूर करतो. हंसाबेन उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, की नवरात्रात पोलीस गरब्याच्या बंदोबस्तात असतात, तर नवरात्र झाल्यावर जी सभा येईल, त्या सभेला महापौर, परिवहन अध्यक्ष आणि वाहतूक पोलिसांचे साहेब यांनी मांजलपूरच्या त्या स्टॉपवरून सिटी बसनं यावं, असा माझा ठराव आहे. शेजारच्यानं अनुमोदन दिलं. सभागृह हसलं. महापौरही हसले. हसतमुख माणूस, मनानं वाईट नव्हता. पातेल्यांच्या दिशेनं उठता उठता ते म्हणाले, ‘मंजूर, मंजूर.’ बाकं वाजली. कुणी विरोध केला नाही. पोलीससाहेब तर टोपी काखेत घेऊन केव्हाच उसळीजवळ पोचले होते.

मी लिहिलं. ठराव मांडणार अमुक, अनुमोदन तमुक, विरोध नाही, सर्वानुमते मंजूर. थट्टा म्हणून सोडून द्यायचं का, असा विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू. पण थट्टा लिहायची नाही असा नियम माझ्या माहितीत नाही. ठराव झाला तो झाला.

पुढच्या महिन्यात ‘वंचाणे लीधुं’ झालं, ‘मंजूर, मंजूर’ झालं. त्यानंतर तीन दिवसांनी हंसाबेननी ठरावाची शिक्क्याची प्रत मागितली, आणि मग आमच्या शाखेत जी पळापळ झाली तिला तोड नाही. महापौरांचे पीए दोनदा येऊन गेले. मग सचिवसाहेबांनी मला आत बोलावलं. दार लावलं, पंखा मोठा केला आणि म्हणाले, ‘सुलभाबेन, ते पान जरा नव्यानं टाईप करायचं. तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आली, कागदपत्रांवर सगळ्या खात्यांच्या सह्या लागतात. कुणाला दुखवून कशाला जायचं?’

इथे मी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना मला मजा येणार नाही. नोकरीच्या पाचव्या वर्षी सभेत एका पोलीस अधिकाऱ्यांनी आमच्या भागातल्या एका शाळेसमोरच्या चौकात सकाळी शिपाई ठेवायचं कबूल केलं होतं. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी मला ते वाक्य गाळायला सांगितलं. पाहुणा माणूस ओघात बोलून गेला, म्हणाले. मी गाळलं. दोन महिन्यांनी त्या शाळेच्या मुख्याध्यापिका जोशीबाई इतिवृत्ताची प्रत घेऊन माझ्याकडे आल्या. एकेक पान उलटत त्यांनी ते वाक्य शोधलं. मग मला विचारलं, ‘अगं, मी वर गॅलरीत होते. या कानांनी ऐकलं. मग इथे का नाही?’ आणि मी त्यांना म्हणाले, ‘तुमच्या ऐकण्यात चूक झाली असेल, बाई.’ त्या प्रत पिशवीत घालून गेल्या. मला आजही त्याची लाज वाटते.

त्यामुळे सचिवसाहेबांना मी सांगितलं, की सभेनं मंजूर केलेलं सभाच बदलू शकते, मी नाही. हवं तर पुढच्या सभेत दुरुस्ती मांडा. दुरुस्ती मांडायची म्हणजे ‘आम्हाला बसनं यायचं नाही’ हे चारचौघांत बोलणं आलं. ते कोण बोलणार? तेव्हा बसनं येण्याचं ठरलं. आणि ठरावाची अंमलबजावणी झाली की नाही याची नोंद सभेपुढे ठेवावी लागते, म्हणून वही घेऊन मीही बरोबर जावं असा आदेश निघाला. नोकरीत इतक्या आनंदानं मी कुठलाही आदेश स्वीकारला नाही.

नवरात्रानंतरच्या त्या सकाळी पावणेदहाला मी मांजलपूरच्या स्टॉपवर पोचले. रिक्षा नेहमीच्या जागी होत्या. एक रिक्षावाला पाय बाहेर काढून झोपला होता. इतक्यात पोलीससाहेब गणवेशात उतरले. त्या रिक्षा कुठून कशा गेल्या ते मला अजून कळलेलं नाही. झोपलेला माणूस झोपेतच गेला असावा. त्या छपराखाली बाक आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. महापौर आले, बसचे अध्यक्ष आले, गंमत बघायला सहा-सात नगरसेवक आले. हंसाबेन पायात पांढरे बूट घालून आल्या होत्या. साडीवर बूट का, असं मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

बसच्या अध्यक्षांनी मोबाईल काढून सगळ्यांना बसचं अ‍ॅप दाखवलं. अ‍ॅपवर बस आली. रस्त्यावर आली नाही. अ‍ॅपवर ती आमच्यासमोर थांबून पुढेही गेली. अध्यक्षांनी रस्त्याकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं आणि मोबाईल खिशात ठेवला. महापौर घड्याळ बघत होते. तेवढ्यात वळणावर खरी बस दिसली. महापौरांनी हात वर केला, मतं मागताना करतात तसा. बस आमच्यासमोरून भरधाव निघून गेली आणि दोनशे पावलांवर पानाच्या गल्ल्यापाशी, म्हणजे टपरीपाशी, जाऊन थांबली.

ड्रायव्हरची चूक नव्हती. स्टॉपवर कायम रिक्षा, म्हणून वर्षानुवर्षं बस गल्ल्यापाशी थांबायची. रोजच्या बायका तिथेच उभ्या राहायच्या. हे सगळ्या मांजलपूरला माहीत होतं. मला शंका आहे की हंसाबेनना सगळ्यांत जास्त माहीत होतं, कारण त्यांनी पदर खोचला, ‘चालो’ म्हणाल्या आणि सुटल्या. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे बसचे अध्यक्ष, मग एका हातानं चष्मा धरलेले महापौर, मग नगरसेवकांची रांग. रस्त्यावर माणसं थांबली. दूधवाल्यानं स्कूटर थांबवून फोनमध्ये चित्रण सुरू केलं. पोलीससाहेब शेवटी होते. चौकातले त्यांचे शिपाई बघत असल्यामुळे त्यांना धावता येत नव्हतं आणि बस जाईल म्हणून चालताही येत नव्हतं. मी वही छातीशी धरून धावत होते आणि हसत होते. हसताना धावता येत नाही, हे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

बसमध्ये उभं राहायला जेमतेम जागा. कंडक्टरनं महापौरांना ओळखलं नाही. ‘काका, अंदर खसो ने,’ म्हणाला. काका आत सरकले. घामानं निथळत होते, पण चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. म्हणाले, अकरा वर्षांनी सिटी बसमध्ये बसतोय. ‘बसतोय’ कुठले, लोंबकळत होते. मी तेही लिहिलं. बस हलली की माझं लघुलिपीतलं अक्षर खिडकीकडे जायचं. बसचे अध्यक्ष बिचारे माझी पर्स धरून उभे होते.

महापौरांच्या शेजारी एक बाई उभ्या होत्या, पन्नाशीच्या, हातात डब्याची पिशवी. त्यांचं नाव सविताबेन. बडोद्याच्याच अकोटा भागातल्या एका वृद्धाश्रमात त्या आजीआजोबांची देखभाल करायच्या. आमची गंमत त्या बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी महापौरांना सरळ विचारलं, ‘साहेब, आज तुम्ही आहात म्हणून बस आली. उद्या येईल?’ दोनदा बस आली नाही म्हणून त्या उशिरा पोचल्या होत्या. व्यवस्थापकांनी सांगितलं होतं, तिसऱ्यांदा उशीर झाला तर येऊ नका. कारण सांगायला गेल्या तर ते म्हणाले, बस आली नाही असं तर सगळेच म्हणतात.

महापौर धावण्याच्या धुंदीत होते. म्हणाले, ‘बेन, येईल. आणि ज्या दिवशी नाही येणार, त्या दिवशी मी स्वतः तुमच्या दारात येईन. हा माझा शब्द.’ बसमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. हंसाबेन माझ्याकडे बघत होत्या. मी लिहीत होते.

सभा बारा मिनिटं उशिरा सुरू झाली आणि दोन तास आधी संपली, कारण कामकाजात कुणाचं लक्षच नव्हतं. जो तो आपण कसे धावलो ते सांगत होता. न धावलेलेही सांगत होते.

दोन दिवसांनी मी अंमलबजावणीची नोंद तयार केली आणि महापौरांचा फोन आला. आवाज गोड, पण धावण्याची धुंदी उतरलेली. ‘सुलभाबेन, ते सविताबेनचं वाक्य मी बसमध्ये बोललो. सभेत नाही.’ मुद्दा बिनतोड होता, मी रात्रीच त्यावर विचार करून ठेवला होता. मी म्हटलं, ‘साहेब, बसनं या असं सभेनंच सांगितलं होतं. तुम्ही सभेच्या कामानं बसमध्ये होता. सभेला वाटलं तर सभा वाक्य काढील.’ ते म्हणाले, ठीक आहे, सभेतच काढू. बहुमत त्यांचं होतं. मी फोन ठेवला तेव्हा मला वाटलं, हे वाक्यही गेलं. त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांच्यावर विनाकारण डाफरले.

दिवाळीनंतरची सभा भरली. सचिवसाहेब मागचं इतिवृत्त आणि त्याला जोडलेली बसची नोंद घेऊन उठले. ‘वंचाणे...’ एवढंच म्हणाले आणि मागून कुणीतरी ओरडलं, वाचा. दुसरा म्हणाला, वाचाच. बघता बघता सगळं सभागृह वाचा वाचा म्हणायला लागलं. कारण उघड होतं. प्रत्येकाला आपल्या धावण्याबद्दल काय लिहिलंय ते ऐकायचं होतं. सचिवसाहेबांना मोठ्यानं वाचायची सवयच राहिली नव्हती, म्हणून त्यांनी मला उभं केलं. तेहेतीस वर्षांत प्रथमच मी त्या सभागृहात बोलले, तीही इतरांचीच वाक्यं.

चाळीस मिनिटं वाचलं. हसून हसून लोकांनी बाकं बडवली. पोलीससाहेबांनी पाहुण्यांच्या खुर्चीतून हात वर केला. ते धावले असं लिहिलंय ते चूक, ते धावले नव्हते. पाहुण्याला दुरुस्ती मांडता येत नाही, म्हणून एका सभासदांनी त्यांच्यातर्फे मांडली, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं आणि ‘धावले’च्या जागी ‘अत्यंत जलद चालले’ असं सर्वानुमते झालं. साहेब समाधानानं बसले. मग मी सविताबेनचा प्रश्न वाचला, व्यवस्थापकांनी दिलेली ताकीद वाचली, आणि महापौरांचा शब्द वाचला.

महापौर म्हणाले, ‘या शेवटच्या वाक्याला माझी दुरुस्ती आहे. ते काढावं.’

अनुमोदन लागतं. अनुमोदन म्हणजे फक्त एक हात. त्यांच्या बाजूला पन्नासेक हात होते, जे एरवी न विचारता वर जात. सचिवसाहेबांनी विचारलं, ‘टेको?’ म्हणजे अनुमोदन कुणाचं? कुणी हललं नाही. पुन्हा विचारलं. त्यांच्या पक्षाचे ज्येष्ठ सभासद आपल्या पेनचं टोपण लावत-काढत बसले. ‘मारुं नाम लखजो’वाल्यांच्या जागी आता त्यांचा मुलगा निवडून आला होता, तोसुद्धा छताकडे बघत होता. न ऐकलेलं काहीही मंजूर करता येतं. ऐकलेलं वाक्य पुसायला हात वर करणं जड जातं, एवढंच मी समजले. महापौरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘तो रहेवा दो.’ राहू द्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते खोकल्या-शिंकेसारखंच कुठेही नोंदवलं नाही.

डिसेंबरअखेर मी निवृत्त झाले. सगळ्या खात्यांच्या सह्या मिळाल्या, थोड्या सावकाश. मधल्या काळात त्या स्टॉपवर एक शिपाई उभा राहायला लागला, रिक्षा पन्नास पावलं मागे गेल्या आणि बस चक्क छपरासमोर थांबू लागली. मी फुकटचं श्रेय घेत नाही, तो मान हंसाबेनच्या बुटांचा.

आणि संक्रांतीच्या आधी एक दिवस बस आली नाही. बंद पडली होती. स्टॉपवरून सविताबेननी हंसाबेनना फोन केला, हंसाबेननी महापौरांना. ‘ठराव आहे’ एवढंच त्या म्हणाल्या. वीस मिनिटांत महापौरांची पांढरी गाडी स्टॉपवर आली. दार उघडून ते स्वतः म्हणाले, ‘बेन, बसा, सोडतो.’ सविताबेन गाडीत बसल्या. पण घड्याळात उशीर तर झालाच होता. वृद्धाश्रमाच्या दाराशी त्या उतरल्या आणि म्हणाल्या, ‘साहेब, गाडी राहू दे. तुम्ही आत या. माझं कारण तिथे कुणी खरं मानत नाही.’

संध्याकाळी हंसाबेननी मला फोनवर एक फोटो पाठवला. वृद्धाश्रमाचं उशिरा येणाऱ्यांचं रजिस्टर. नाव, वेळ, कारण आणि सही असे रकाने. सविताबेनच्या नावापुढे कारणाच्या रकान्यात महापौरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बस आली नाही. जबाबदारी माझी.’ खाली त्यांची सही, आणि कुणी मागितला नसताना हुद्दाही. तेहेतीस वर्षं मी त्यांच्यासारख्यांचं बोलणं लिहून घेतलं. त्यांच्यातल्या कुणी स्वतःच्या हातानं असं वाक्य लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

सविताबेनची नोकरी टिकली.